नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर खासगी जाहिराती आणि गोपनीयता धोरण : टिपणीत नेमकं काय लिहावं?

वेण्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेसाठी विचारतोय. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, डोमेन जीओव्ही डॉट इन, होस्टिंग खासगी. देखभालीच्या कराराची मुदत संपत आलीय. नव्या ठेकेदाराचा प्रस्ताव असा की तीन वर्षं देखभाल मोफत, त्या बदल्यात मुख्य पानावर दोन आणि आतल्या प्रत्येक पानावर एक जाहिरातीची जागा त्याची. काही जाहिराती गूगलच्या जाहिरात सेवेच्या, म्हणजे अ‍ॅडसेन्सच्या, काही गावातल्या दुकानदारांच्या. विषय सर्वसाधारण सभेपुढे जाणार आहे आणि टिपणी संगणक विभागाने द्यायची आहे.

दुसरा भाग गोपनीयता धोरणाचा. सध्या तळाशी जे 'प्रायव्हसी पॉलिसी' पान आहे ते कुठल्या तरी खरेदीच्या साइटवरून उचललेलं दिसतं. 'आपली माहिती आमच्या जाहिरात भागीदारांना दिली जाऊ शकते' आणि 'आपण कधीही आपली माहिती पुसून टाकण्यास सांगू शकता' अशी वाक्यं त्यात आहेत. साइटवर तक्रार अर्ज, नळजोडणी अर्ज, मालमत्ता कराची थकबाकी बघायचं आणि भरायचं पान आणि पर्यटनाची माहिती एवढंच चालू आहे. जन्म-मृत्यू दाखल्यासाठी आम्ही शासनाच्या पोर्टलचा दुवा देतो.

जाहिरातींबद्दल ठराव कसा असावा? आणि धोरण नव्याने लिहायचं तर सुरुवात कुठून करायची?

---

मिरज_जंक्शन

टिपणीतून 'मोफत' हा शब्द आधी काढा. जाहिरातीच्या जागेला किंमत आहे. ती जागा जाहीर लिलाव न करता एकाला द्यायची आणि त्याच्याकडून देखभाल घ्यायची, याचा अर्थ उत्पन्न जमेला न धरता परस्पर खर्च भागवायचा. स्थानिक निधी लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघणार आणि उत्तर मुख्याधिकाऱ्यांना द्यावं लागणार. सभेला जागा विकायचीच असेल तर तो स्वतंत्र विषय: दर, मुदत, जाहीर सूचना, बोली, आणि रक्कम नगरपरिषद निधीत जमा. देखभालीची निविदा वेगळी. दोन्ही एका करारात बांधायचं नाही.

आता जागा विकावी का? माझं स्पष्ट मत : नाही. कारणं नीट लिहितो, टिपणीत घेता येतील.

अ‍ॅडसेन्समध्ये कुठली जाहिरात दिसेल हे आधी ठरलेलं नसतं. नागरिक पान उघडतो त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो आणि त्या माणसाच्या आवडीनिवडीच्या अंदाजाने जाहिरात येते. म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना त्यांच्या मोबाइलवर बँकेची जाहिरात दिसेल आणि त्याच पानावर दुसऱ्याला झटपट कर्जाच्या अ‍ॅपची. नको ते विषय आणि नको ते जाहिरातदार रोखायची सोय आहे, पण ती खात्याच्या मालकाला. खातं ठेकेदाराच्या नावावर असणार, म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार छोटा दिसतो. 'नळजोडणी अर्जाचा नमुना' या मथळ्याखाली जाहिरातीचा चौकोन येतो आणि त्यात हिरव्या बटणावर मोठ्या अक्षरात 'डाउनलोड' लिहिलेलं असतं. खरा पीडीएफचा दुवा त्याच्याखाली बारीक निळ्या अक्षरात. नागरिक वरचं बटण दाबतो, मोबाइलवर भलतंच अ‍ॅप उतरतं, आणि त्याच्या लेखी ते 'नगरपालिकेच्या साइटवरून' आलेलं असतं. वयस्कर माणसं आणि पहिल्यांदाच ऑनलाइन अर्ज करणारे यात हमखास अडकतात.

आचारसंहितेचा मुद्दाही टिपणीत घ्या. निवडणूक लागली की आपण साइटवरची पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं काढतो. त्याच वेळी बाजूच्या चौकोनात एखाद्या उमेदवाराची जाहिरात आपोआप झळकली तर राज्य निवडणूक आयोगाकडे तक्रार होईल आणि खुलासा कार्यालयाला करावा लागेल.

गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातीत फसवणुकीचा धोका कमी, पण हितसंबंधांचा मोठा. ज्याची बांधकाम परवानगी प्रलंबित आहे तो बिल्डर, ज्याची निविदा उघडायची आहे तो पुरवठादार, जो गाळ्याचं भाडं थकवून बसलाय तो व्यापारी. यांच्यापैकी कोणाचीही जाहिरात अधिकृत साइटवर असली की निर्णय कितीही नियमात घेतला तरी संशय राहतो.

आणि पैसे किती? हिशेबासाठी धरा, महिन्याला २०,००० पानं उघडली गेली आणि हजार पानांमागे ४० रुपये मिळाले, तर महिन्याचे ८०० रुपये. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे काढू देत नाही. एवढ्यावर कोणी तीन वर्षं देखभाल करत नाही. ठेकेदाराला हवा असतो तो जीओव्ही डॉट इन डोमेनवरून बाहेरच्या साइटला जाणारा दुवा. शोधात वर येण्यासाठी असे दुवे विकले जातात. करारात 'जाहिरात' म्हणजे फक्त चित्र की मजकुरातले दुवेही, हे तपासा.

ठरावासाठी मसुदा देतो, भाषा तुमच्या पद्धतीने घ्या:

'नगरपरिषदेचे अधिकृत संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप व समाजमाध्यमांवरील अधिकृत खाती यांवर कोणत्याही खासगी व्यक्ती, संस्था, व्यवसाय, राजकीय पक्ष वा उमेदवार यांची जाहिरात सशुल्क अथवा विनाशुल्क प्रसिद्ध केली जाणार नाही. कोणत्याही जाहिरात सेवेचा कोड, सशुल्क दुवा अथवा प्रायोजित लेख टाकला जाणार नाही. निविदा सूचना, भरती, लिलाव, जाहीर नोटीस, शासकीय योजना व नगरपरिषदेचे स्वतःचे उपक्रम या ठरावाच्या अर्थाने जाहिरात समजले जाणार नाहीत. देणगी अथवा सीएसआर निधीतून झालेल्या कामाच्या माहितीत देणगीदाराचे नाव साध्या अक्षरात लिहिता येईल. बोधचिन्ह व दुवा देता येणार नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. घंटागाडी किंवा बाक देणाऱ्या संस्थेचा फलक मुख्य पानावर लावा, हा आग्रह हमखास होतो. तेव्हा नाही म्हणायला काहीतरी हातात लागतं.

---

औंधकर

ठराव होईल तेव्हा होईल, त्याआधी आत्ता साइटवर काय चालू आहे ते बघून घ्या. पुष्कळ कार्यालयांना वाटतं आपल्याकडे जाहिरात नाही, आणि तळाशी 'आपण अमुकाव्वे अभ्यागत' दाखवणारा फुकटचा काउंटर बसलेला असतो. तो बाहेरच्या सर्व्हरवरून येतो आणि सोबत स्वतःचे दुवे व कुकी (पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी नोंद) आणतो. हवामानाची पट्टी, पंचांगाची चौकट, शेअर बटणं, भाषांतराची खिडकी, सगळ्यांची तीच गोष्ट.

संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये नवी खासगी खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब निवडा, मग साइट उघडा. यादीत 'डोमेन' हा रकाना दिसत नसेल तर मथळ्यावर उजवी क्लिक करून चालू करा. तुमच्या डोमेनशिवाय जी जी नावं दिसतील ती कागदावर उतरवा. नंतर अ‍ॅप्लिकेशन टॅबमध्ये कुकीज बघा (फायरफॉक्समध्ये त्याला स्टोरेज म्हणतात). नाव, कोणाची, किती दिवसांची. मुख्य पान, तक्रार अर्ज, कराचं पान, फोटो गॅलरी आणि संपर्क ही पाचही पानं अशी तपासा, कारण संपर्क पानावर नकाशा असतो आणि गॅलरीत यूट्यूब, ते मुख्य पानावर दिसत नाहीत.

मग प्रत्येक नावाला एकच प्रश्न : हे काढलं तर नागरिकाचं कुठलं काम अडेल? काउंटर काढला तर कोणाचंच अडत नाही. शेअर बटणांची अ‍ॅडदिस ही सेवा तर २०२३ मध्येच बंद झाली, तरी तिचा कोड जुन्या साइटवर पडून असतो. गूगलचे मराठी फॉन्ट उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, परवाना तसा आहे. व्हिडिओ हवाच असेल तर यूट्यूबच्या 'एम्बेड' खिडकीत 'प्रायव्हसी एनहान्स्ड मोड'ची खूण करा, त्याने व्हिडिओ चालू करेपर्यंत मागोवा कमी होतो. नकाशाऐवजी नकाशाचं साधं चित्र आणि त्यावर दुवा दिला तरी भागतं.

बाहेरचा कोड का नको याचं जून २०२४ चं उदाहरण टिपणीत घालण्यासारखं आहे. पॉलिफिल डॉट आयओ नावाची स्क्रिप्ट लाखाहून जास्त साइट वापरत होत्या. डोमेन नव्या मालकाकडे गेलं आणि त्याच स्क्रिप्टमधून मोबाइलवाल्यांना सट्ट्याच्या साइटवर पाठवलं जाऊ लागलं. ती स्क्रिप्ट वापरणाऱ्या साइटच्या मालकांनी स्वतःच्या पानांत एक अक्षरही बदललं नव्हतं.

याशिवाय जाहिरात मागच्या दारानेही येते. गूगलवर 'साइट', कोलन, तुमचं डोमेन आणि पुढे रमी, कॅसिनो, बेटिंग, लोन असे शब्द एकेक टाकून शोधा, रोमन लिपीत आणि मराठीत दोन्ही. तुमच्या डोमेनवर भलतीच पानं निघाली तर साइटमध्ये कोणीतरी शिरलेलं आहे. हे प्रकार कार्यालयातल्या संगणकावर दिसत नाहीत, कारण शिरलेला कोड बहुतेक वेळा मोबाइलवरून आणि गूगलच्या निकालातून आलेल्यालाच वळवतो. म्हणून तपासणी मोबाइल डेटावरून, शोधातून क्लिक करून करा. शिरकाव आढळला तर वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल आहेत का बघा (तिथे एकही नसावी), अ‍ॅडमिन वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा, आणि फुकट मिळालेली 'प्रीमियम' थीम असेल तर ती आधी उडवा. नुसती ती पानं पुसून काही होत नाही, आठवड्यात परत येतात. आणि पुसण्याआधी सर्व्हरच्या नोंदी आणि फाइलींची प्रत काढून ठेवा, नाहीतर कुठून शिरले ते कधीच कळणार नाही.

साफसफाई झाल्यावर सर्व्हरवर 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' हे हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) लावा : स्क्रिप्ट फक्त आपल्याच डोमेनवरून चालेल. आधी दोन आठवडे 'रिपोर्ट ओन्ली'वर (नुसती नोंद, अडवणूक नाही) ठेवा, नाहीतर पैसे भरायचं पानच बंद पडेल. ठराव कागदावर असतो. उद्या कोणी ठराव डावलून जाहिरातीचा कोड चिकटवला, तर हे हेडर तो ब्राउझरमध्ये चालूच देणार नाही.

---

कासपठारी

सरसकट बंदी थोडी जास्त वाटते. महाबळेश्वर, पाचगणी, वाई अशा गावांत पर्यटनाच्या पानावर हॉटेल, टॅक्सी, स्ट्रॉबेरीवाले यांना जागा दिली तर पर्यटकाची सोय आणि नगरपरिषदेला उत्पन्न. नागरी सेवांची पानं सोडून फक्त त्या पानावर द्यायला काय हरकत आहे?

---

मिरज_जंक्शन

@कासपठारी, सोय करायला हरकत नाही, विकायला आहे. अधिकृत साइटवर हॉटेलचं नाव दिसलं की पर्यटक ते नगरपरिषदेने पारखलेलं समजतो. बुकिंगचे पैसे बुडाले की पहिला फोन कार्यालयात येतो.

त्यापेक्षा यादी करा. ज्यांच्याकडे चालू परवाना आहे ते सगळे, अकारविल्हे, प्रत्येकाला तेवढ्याच ओळी : नाव, पत्ता, व्यवसायाचा फोन, परवान्याची मुदत. तारे नाहीत, फोटो नाहीत, बुकिंगचा दुवा नाही. परवाना संपला की नाव निघालं, नूतनीकरण झालं की परत आलं. यादीच्या वर 'ही परवानाधारकांची यादी आहे, नगरपरिषद दर वा सेवेची हमी देत नाही' आणि यादी अद्ययावत केल्याचा दिनांक. टॅक्सी-रिक्षांचं ठरलेलं दरपत्रक तिथेच द्या. पर्यटकाला त्याची गरज हॉटेलच्या जाहिरातीपेक्षा जास्त असते.

बाहेरच्या दुव्यांसाठीही नियम लिहून ठेवा : शासकीय, निमशासकीय, आणि ज्या सेवेसाठी नगरपरिषदेने करार केलाय ती. दुवा दाबल्यावर 'आपण नगरपरिषदेचे संकेतस्थळ सोडत आहात' ही सूचना. दर तिमाहीला सगळे दुवे उघडून बघायचे, कारण जुनी डोमेन मुदत संपल्यावर दुसरेच लोक विकत घेतात आणि तुमच्या पानावरचा निरुपद्रवी दुवा भलतीकडे जायला लागतो.

---

सांगलवाडी

गोपनीयता धोरणाकडे येतो. औंधकरांची यादी तयार झाल्याशिवाय धोरणाचं एकही वाक्य लिहू नका. साइट जे करते तेवढंच धोरणात असलं पाहिजे. तुमच्या सध्याच्या पानातली दोन्ही वाक्यं त्यामुळेच घातक आहेत.

जाहिरात भागीदार तुम्हाला नाहीतच, पण ते वाक्य राहिलं तर उद्या कोणी माहिती विकली तरी 'धोरणात लिहिलं होतं' म्हणायला तो मोकळा. आणि 'कधीही पुसून देऊ' हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये 'राज्य' म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १२ मधलं राज्य, त्यात नगरपरिषद आणि ग्रामपंचायतही आली. त्याच कायद्याच्या कलम १७(४) ने राज्यासाठी पुसून टाकण्याची सक्ती वगळली आहे. कर आकारणी किंवा नळजोडणीची नोंद अर्जदाराच्या सांगण्यावरून पुसता येत नाही, ती अभिलेख वर्गीकरणानुसारच ठेवायची असते. चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क मात्र आहे, विशेषतः त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल निर्णय होणार असेल तेव्हा.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तीन वर्षांचा करार आत्ता करताय, तर तो त्या तारखेच्या पलीकडे जाणार. म्हणून अटी आत्ताच घाला.

संमतीबद्दल गोंधळ खूप आहे. नळजोडणी, परवाना, दाखला, अनुदान यांसाठी लागणारी माहिती कलम ७(ख) खाली, नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टातली मानकं पाळून वापरता येते : कामाला लागेल तेवढीच माहिती, गरज असेल तोवरच ठेवायची, सुरक्षित ठेवायची, आणि विचारणा कोणाकडे करायची ते सांगायचं. तिथे 'मी सर्व अटींशी सहमत आहे' ही आधीच खूण केलेली चौकट निरर्थक आहे. पण त्याच मोबाइल क्रमांकावर नंतर कार्यक्रमांचे संदेश पाठवायचे असतील तर ती वेगळी संमती, वेगळ्या चौकटीत, खूण नागरिकाने स्वतः करायची, आणि ती न दिल्याने अर्ज अडता कामा नये.

अर्जातले रकाने तपासा. तक्रार अर्जात जन्मतारीख आणि आधार कशाला? गळकी पाइप दुरुस्त करायला ठिकाण आणि फोन पुरतो. तक्रारीची स्थिती दाखवणाऱ्या जाहीर पानावर तक्रारदाराचं नाव आणि मोबाइल दिसत असेल तर आजच्या आज बंद करा. शेजाऱ्याच्या अतिक्रमणाची तक्रार करणाऱ्याचा नंबर शेजाऱ्याला मिळतो, याचे परिणाम काय होतात ते सांगायला नको.

कराच्या पानावर मालमत्ता क्रमांक टाकला की नाव, पत्ता, मोबाइल सगळं येतं का? क्रमांक ओळीने असतात, त्यामुळे एक छोटा प्रोग्रॅम रात्रीत अख्ख्या गावाची यादी काढू शकतो. नुसत्या क्रमांकावर फक्त थकबाकीची रक्कम आणि नावाची आद्याक्षरं दाखवा, पूर्ण बिल नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी गेल्यावर. पावतीच्या दुव्यातही ओळीचा क्रमांक नको, लांब यादृच्छिक अक्षरमाला हवी.

आणखी एक जागा राहून जाते. गूगल फॉर्म. एखाद्या योजनेची माहिती घाईने गोळा करायला कर्मचारी स्वतःच्या जीमेलवरून फॉर्म करतात. उत्तरांची शीट त्यांच्या खासगी खात्यात, 'दुवा असलेल्या कोणालाही' उघडी, आणि बदली झाली की सोबत गेली. असे जेवढे फॉर्म आहेत ते शोधून, माहिती कार्यालयाच्या खात्यात घेऊन, मूळ शीट बंद करा.

धोरणाचा मसुदा, तुमच्या साइटपुरता:

'हे संकेतस्थळ नगरपरिषदेच्या मालकीचे असून त्यावरील मजकुराची जबाबदारी मुख्याधिकारी यांची आहे.

पाने पाहण्यासाठी नाव, मोबाइल क्रमांक वा ईमेल द्यावा लागत नाही. आपण पान उघडता तेव्हा सर्व्हर आपला आयपी पत्ता, वेळ, उघडलेले पान व ब्राउझरचा प्रकार नोंदवतो. ही नोंद केवळ सुरक्षेसाठी व पाहणाऱ्यांची संख्या मोजण्यासाठी असून एक वर्ष ठेवली जाते.

तक्रार अर्जात नाव, मोबाइल क्रमांक, प्रभाग व तक्रारीचे ठिकाण विचारले जाते. नाव व मोबाइल क्रमांक फक्त संबंधित विभागाला दिसतो. नळजोडणी अर्जातील माहिती जोडणी मंजूर करणे व देयक देणे यासाठी वापरली जाते. या संकेतस्थळावर आधार क्रमांक मागितला जात नाही.

कर भरताना आपण बँकेच्या पानावर जाता. कार्ड वा खात्याचा तपशील नगरपरिषदेकडे येत नाही. जन्म-मृत्यू दाखल्याचा दुवा शासनाच्या पोर्टलवर जातो. तिथे त्या पोर्टलचे धोरण लागू आहे.

या संकेतस्थळावर व्यावसायिक जाहिराती नाहीत. जाहिरातीसाठी माग काढणारी कुकी वापरली जात नाही. आपली माहिती जाहिरातीसाठी कोणालाही दिली जात नाही.

आपली माहिती चुकीची असल्यास दुरुस्तीसाठी खालील पत्त्यावर अर्ज करावा. कायद्याने जतन करावयाच्या नोंदी पुसता येत नाहीत.'

खाली पदनाम (व्यक्तीचं नाव नको, बदल्या होतात), कार्यालयाचा फोन, शासकीय ईमेल, लागू दिनांक आणि आवृत्ती क्रमांक. मूळ धोरण मराठीतच करा, इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. दुवा तळाशी तर हवाच, शिवाय प्रत्येक अर्जाच्या 'पाठवा' बटणाच्या वर दोन ओळी : काय घेतोय, कशासाठी, विचारायचं कोणाला. तळाचं पान फार थोडे उघडतात, बटणाच्या वरच्या ओळी वाचल्या जातात.

नोंदी एक वर्ष का? सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचेत, आणि नव्या नियमांत किमान एक वर्ष आहे. एकदाच वर्षाची सोय करा. पाहणाऱ्यांचे आकडे याच नोंदींतून एडब्ल्यूस्टॅट्स किंवा गोअ‍ॅक्सेस काढून देतं, त्यासाठी गूगल अ‍ॅनालिटिक्स लागत नाही. सभेला आलेखच हवे असतील तर माटोमो हे मोजणीचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर, कुकी बंद करून आणि आयपीचे शेवटचे दोन भाग झाकून चालवा. अ‍ॅनालिटिक्स ठेवणारच असाल तर 'गूगल सिग्नल्स' (पाहणाऱ्याच्या गूगल खात्याशी माहिती जोडणारी सोय) बंद हवं, आणि त्याची मुख्य कुकी दोन वर्षांची असते हे धोरणात लिहावं लागेल.

---

वेण्णाकाठ

मनापासून आभार. एफ-१२ लावून बघितलं, काउंटर आणि हवामानाची पट्टी दोन्ही बाहेरची निघाली.

एक शंका. साइटवर घरकुल आणि दिव्यांग निधीच्या लाभार्थी याद्या पीडीएफमध्ये आहेत. काहींत खाते क्रमांक आणि आधार दोन्ही दिसतात. गोपनीयतेसाठी सगळ्या याद्याच काढाव्यात असं एक मत आहे. बरोबर आहे का?

---

सांगलवाडी

सगळ्या काढणं चूक. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. त्यातल्या बाराव्या बाबीत अनुदान कार्यक्रम, रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील येतो. नव्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं, कलम ४ नाही. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचं कलम ८(२) सुद्धा आहे तसंच आहे. 'गोपनीयता' म्हणत याद्या गायब केल्या तर बोगस लाभार्थी शोधायचा लोकांचा सोपा मार्ग बंद होतो, आणि ते मला खासगी माहिती उघड होण्याइतकंच वाईट वाटतं.

यादीत ठेवायचं : नाव, प्रभाग, योजना, वर्ष, मंजूर रक्कम. काढायचं : आधार, बँक खाते, मोबाइल, घराचा पूर्ण पत्ता, सही, फोटो. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९ ची सरळ मनाई आहे. दिव्यांग निधीच्या यादीत अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी नको, नाव आणि रक्कम पुरते. लाभार्थी १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या नावाऐवजी अर्ज क्रमांक द्या.

---

औंधकर

काढताना एक चूक फार होते. वर्डमध्ये आकड्यांवर काळी पट्टी ओढून पीडीएफ करतात. पट्टी फक्त वर बसते, आकडे खाली शाबूत असतात. त्या भागाची निवड करून कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये टाकलं की पूर्ण आधार क्रमांक समोर. एक्सेलमध्ये रकाना 'हाइड' करून फाइल चढवली तर 'अनहाइड' करायला दोन क्लिक लागतात.

मूळ एक्सेल असेल तर नवी फाइल घ्या, हवे तेवढेच रकाने त्यात 'व्हॅल्यू' म्हणून चिकटवा, त्या नव्या फाइलचा पीडीएफ करा. मूळ नसेल तर छापून, मार्करने नव्हे, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून स्कॅन करा. मार्करच्या आतली अक्षरं स्कॅनमध्ये उजेड वाढवला की वाचता येतात. नंतर फाइलमध्ये कंट्रोल-एफ ने एखादा जुना खाते क्रमांक शोधून बघा. कामाच्या फोटोंमधलं जीपीएस स्थानही काढा, घरकुलाच्या फोटोत लाभार्थ्याच्या दाराचा अक्षांश-रेखांश असतो.

जुन्या फाइली वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून कायमच्या पुसाव्या लागतात. पानावरचा दुवा काढला तरी फाइल तिच्या पत्त्यावर उघडतच राहते. पुसल्यावर तो पत्ता ४०४ (पान सापडत नाही) देतो याची खात्री करा, मग गूगल सर्च कन्सोलमधून 'रिमूव्हल'ची विनंती टाका. ती साधारण सहा महिनेच टिकते, म्हणून फाइल खरोखर गेलेली हवी. रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) त्या फोल्डरचं नाव लिहून लपवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती फाइल कोणीही वाचू शकतो, उलट कुठे बघायचं तेच त्यात लिहिलेलं असतं.

---

मिरज_जंक्शन

करारात घालायच्या अटी राहिल्या, त्या देतो. डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि एसएमएस सेवा, सगळी खाती नगरपरिषदेच्या शासकीय ईमेलवर. ठेकेदाराला स्वतंत्र लॉगिन, मुदत संपल्याच्या दिवशी बंद. लेखी मंजुरीशिवाय कुठलंही प्लगइन वा बाहेरची स्क्रिप्ट नाही. नागरिकांची माहिती दुसऱ्या कामाला वापरायची नाही आणि काम संपल्यावर प्रत परत देऊन स्वतःकडची नष्ट केल्याचं पत्र द्यायचं. सर्ट-इनच्या यादीवरील संस्थेकडून सुरक्षा तपासणी, आणि निघालेल्या त्रुटी दुरुस्त करणं ठेकेदाराच्या खर्चाने. माहिती फुटली किंवा साइटमध्ये शिरकाव झाला तर त्याने कळताक्षणी कार्यालयाला सांगायचं, कारण सर्ट-इनला कळवायची मुदत सहा तास आहे. नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला तपशील ७२ तासांत द्यावा लागेल आणि ज्यांची माहिती गेली त्या नागरिकांनाही विलंब न करता.

टिपणी सभेपुढे ठेवण्याआधी तिची एक प्रत जिल्हा सूचना-विज्ञान अधिकाऱ्यांकडे अभिप्रायासाठी पाठवा आणि सोबत जीआयजीडब्ल्यू ३.० ची (शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) तपासणी सूची जोडा. त्या सूचीत गोपनीयतेशिवाय कॉपीराइट, दुवे, मजकूर मंजुरी आणि जुना मजकूर काढण्याची धोरणंही आहेत. तुमच्या साइटवर तीही बहुधा नसतील, एकाच ठरावात मंजूर करून घेतलीत तर विषय पुन्हा सभेपुढे न्यावा लागणार नाही.